रोज जीव तोडून १६०० मारताय, तरी टायमिंग का बसत नाही? समजून घ्या ट्रेनिंगचं गणित

५ मिनिटं १० सेकंद.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, हा आकडा कशाचा आहे ते तो लगेच सांगेल. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर एवढ्या वेळात संपवलं की २० पैकी २० मार्क. पोरींसाठी ८०० मीटर आणि २ मिनिटं ५० सेकंद. सोबत १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५, असे एकूण ५० मार्क. त्यात किमान निम्मे मिळवायचे, शिवाय प्रवर्गाच्या यादीत वरच्या नंबरात यायचं, तेव्हा कुठे लेखी परीक्षेला बसता येतं. एका जागेमागे साधारण दहा जण लेखीला बोलावतात, बाकीचे मैदानावरूनच घरी जातात.

हिंगोली जिल्ह्यात हा विषय जरा जास्तच जवळचा आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. मोठे कारखाने नाहीत, शेती हळद-सोयाबीनच्या भावावर आणि पावसावर. म्हणून सरकारी नोकरी, आणि त्यातही वर्दी, हे इथल्या कितीतरी घरांचं गणित आहे. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ चं मुख्यालय तर हिंगोलीतच आहे. पहाटे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा कुठल्याही रस्त्याने निघालात तर अंधारात पळणारी पोरं-पोरी दिसतात. मोबाईलची टॉर्च, हातात स्टॉपवॉच, आणि पाच-सहा जणांच्या घोळक्यात एकच प्रश्न, "आज किती आला?"

घोळ या प्रश्नापासूनच सुरू होतो. कारण बहुतेक जण रोज तेच करतात. थोडं अंग मोकळं करायचं, १६०० मीटर फुल ताकदीनं मारायचं, टायमिंग बघायचं, मग गोळा, मग घरी. पहिले दीड-दोन महिने टायमिंग झपाट्यानं उतरतं. ७ मिनिटांवरून ६:२०, मग ६:००. आणि मग अडकतं. पोरगा म्हणतो माझ्यात दमच नाही, अकॅडमीवाला म्हणतो मेहनत कमी पडते, अजून पळ. तो अजून पळतो, नडगी दुखायला लागते, आणि ऐन भरतीत तो क्रेप बँडेज बांधून फिरतो.

मेहनत इथे कमी पडलेली नसते. रोज परीक्षा देणं आणि परीक्षेची तयारी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. खेळाच्या प्रशिक्षणाचं शास्त्र गेली शंभर वर्षं याच फरकावर उभं आहे.

शरीर पळताना सुधारत नाही

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बाकी सगळं यावरच चालतं. जोरात पळताना शरीर खालावतं. स्नायूंमध्ये बारीक इजा होते, साठवलेली साखर संपत जाते, मज्जासंस्था थकते. पळून झाल्यावरच्या २४ ते ७२ तासांत, तुम्ही जेवता आणि झोपता तेव्हा शरीर ही मोडतोड दुरुस्त करतं. आणि पुन्हा असा ताण आला तर सोसता यावा म्हणून आधीपेक्षा थोडं जास्त बळकट करून ठेवतं.

याचं मूळ हान्स सेली या शास्त्रज्ञापर्यंत जातं. १९३६ मध्ये त्यानं 'नेचर' या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असे वेगवेगळे ताण दिले तरी त्यांचं शरीर ठरावीक टप्प्यांतून जातं, असं त्याचं निरीक्षण होतं. आधी धक्का, मग जुळवून घेणं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. सेलीला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. पण पुढे प्रशिक्षकांनी ही कल्पना उचलली, कारण मैदानावर त्यांना हेच दिसत होतं.

आता रोज फुल ताकदीनं १६०० मारणाऱ्या पोराकडे बघा. सोमवारी धक्का, दुरुस्ती अर्धवट असताना मंगळवारी पुन्हा धक्का, बुधवारी पुन्हा. नवखा असतो तोवर चालून जातं, कारण नवख्या शरीराला काहीही केलं तरी फायदा होतो. नंतर तो सेलीच्या तिसऱ्या टप्प्यात जाऊन पोचतो. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, झोप तुटक, चिडचिड, भूक कमी आणि टायमिंग उलटं वाढलेलं. याला ओव्हरट्रेनिंग म्हणतात. आपल्याकडे याला 'आळस' म्हणतात आणि शिक्षा म्हणून दोन राउंड जास्त देतात.

१६०० मीटरचा सगळ्यात गाजलेला किस्सा

मैल म्हणजे १६०९ मीटर. आपल्या भरतीच्या अंतरापेक्षा फक्त ९ मीटर जास्त. म्हणून ही गोष्ट भरतीच्या पोरांनी ऐकलीच पाहिजे.

१९५४ पर्यंत ४ मिनिटांच्या आत मैल कुणीच पळालेलं नव्हतं. स्वीडनच्या गुंडर हेगनं १९४५ मध्ये ४:०१.४ वेळ नोंदवली होती आणि जग तिथं नऊ वर्षं अडकलं होतं. रॉजर बॅनिस्टर तेव्हा लंडनमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता. सरावाला वेळ म्हणजे दुपारची जेवणाची सुट्टी. त्यात तो अख्खा मैल पळत बसायचा नाही. मैलाचा चौथा भाग, म्हणजे साधारण ४०० मीटर, ठरवलेल्या वेगानं पळायचा, दोन मिनिटं थांबायचा, पुन्हा ४००. असे दहा. सुरुवातीला एक राउंड ६६ सेकंदांत, मग काही महिन्यांत हळूहळू ६१ सेकंदांपर्यंत.

आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये गाडी ६१ वर थांबली. काही केल्या राउंड ६० च्या आत येईना.

तेव्हा बॅनिस्टरनं सराव बंद केला. सोबती ख्रिस ब्रॅशरसोबत स्कॉटलंडच्या डोंगरात गेला, काही दिवस कडे चढला, पळण्याचं नाव काढलं नाही. परत येऊन पुन्हा दहा राउंड लावले तर ५९ सेकंद. पुढे शर्यतीआधीही त्यानं पाच दिवस पूर्ण विश्रांती घेतली. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या ट्रॅकवर मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत संपला.

डोंगरात जाऊन त्याच्या अंगात नवी ताकद आली नव्हती. कित्येक महिन्यांच्या सरावाची कमाई थकव्याखाली दबून बसली होती, ती वर आली.

भरतीच्या भाषेत हे गणित मांडू. ५:१० म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरचे चार राउंड, म्हणजे एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. समजा तुमचं आजचं टायमिंग ६:२० आहे, तर तुमचा राउंड ९५ सेकंदांचा आहे. अशा वेळी रोज १६०० मारून ९५ चे ७७ होत नाहीत. ४०० मीटर ९० ते ९२ सेकंदांत पळा, दोन मिनिटं चालत किंवा हळू पळत दम घ्या, पुन्हा ४००. असे पाच-सहा. पोरींनी २०० किंवा ४०० चे तुकडे घ्यावेत. ८०० मीटर २:५० मध्ये म्हणजे ४०० ला ८५ सेकंद, २०० ला साडेबेचाळीस. दर दोन-तीन आठवड्यांनी राउंडमागे एखाद-दोन सेकंद कमी करायचे. हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट रेइंडेल हा हृदयरोगतज्ज्ञ यांनी ते शास्त्रीय पद्धतीनं बसवलं. त्यांचा धावपटू रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळाला, आणि तो विश्वविक्रम १६ वर्षं टिकला. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं तर तुकड्यांत पळण्याचा इतका नाद लावून घेतला की १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५ हजार, १० हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्यानं एकट्यानं नेली. हो, तेच हेलसिंकी, जिथे आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्य जिंकले.

हळू पळायला लाज वाटते, पण तिथेच दम तयार होतो

आता मोठ्या गैरसमजाकडे येऊ. १६०० मीटर म्हणजे 'स्पीडचा इव्हेंट' असं समजलं जातं. प्रत्यक्षात पाच-सहा मिनिटांच्या या धावेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरून तयार होते. आपण ज्याला 'दम' म्हणतो तो हाच. हा दम वाढतो तो हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागल्यावर, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट झाल्यावर आणि पेशींत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढल्यावर. हे बदल आरामाच्या वेगानं, बराच वेळ पळून होतात.

किती आराम? सोबतच्या मित्राशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. ३० ते ४५ मिनिटं, डांबरी रस्त्यापेक्षा मातीच्या रस्त्यानं. शेतातल्या पांदीसारखी जागा नाही, फक्त पावसाळ्यात चिखल बघून.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डनं हे सिद्ध करून दाखवलं होतं. त्यानं ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेलला आठवड्याला शंभर-शंभर मैल पळवलं. लोक हसले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलनं ८०० चं सुवर्ण जिंकलं. अलीकडे स्टीफन सायलर या संशोधकानं जगातल्या उत्तम धावपटू, सायकलपटू, रोइंगपटूंचा सराव मोजला, तेव्हा त्यांच्या सरावाचा साधारण ८० टक्के भाग हळू वेगाचा निघाला. आपली पोरं बरोबर उलटं करतात. सोप्या दिवशी जास्त जोरात, म्हणून अवघड दिवशी पुरेसं जोरात पळताच येत नाही.

मधला एक प्रकार आहे, फार्टलेक. स्वीडिश शब्द आहे, अर्थ 'वेगाचा खेळ'. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मर या प्रशिक्षकानं तो रुजवला. ट्रॅक नको, स्टॉपवॉच नको. रस्त्यानं पळताना समोरच्या विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जोरात, मग दोन खांब हळू, मग पुलापर्यंत जोरात. ज्या गावात सपाट मैदान नाही तिथल्या पोरांसाठी याच्याइतकी सोयीची पद्धत दुसरी नाही.

साबळेचे २० सेकंद आणि सहा वर्षं

मराठवाड्यातलंच उदाहरण हवं असेल तर बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा पोरगा, बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंट, सियाचीनसारख्या ठिकाणी पोस्टिंग. खेळाडू म्हणून पळायला सुरुवात केली ती २०१५ च्या सुमारास, सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून. म्हणजे विशी गाठल्यावर.

३००० मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम होता. ३७ वर्षं कुणी हात लावला नव्हता. २०१८ मध्ये साबळेनं तो मोडला, ८:२९.८०. त्यानंतर काय झालं ते बघा. २०१९ मध्ये दोह्याला ८:२१.३७. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला ८:१८.१२. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्य, केनियाच्या वर्चस्वाच्या खेळात. ७ जुलै २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

२०१८ ते २०२४, सहा वर्षं. कमी झाले ते जवळपास २० सेकंद. देशातल्या सर्वोत्तम धावपटूलाही वर्षाला तीन-चार सेकंदच मिळतात, आणि आपण 'एका महिन्यात १ मिनिट कमी करा' असे रील बघत बसतो.

हळूहळू भार वाढवत नेण्याच्या या तत्त्वाला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात. प्राचीन ग्रीसमधल्या मायलो या पैलवानाची दंतकथा सगळीकडे सांगतात. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं, मायलोची ताकदही वाढत गेली, शेवटी तो अख्खा बैल उचलायचा. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही, ते याच कारणानं. पुस्तक न वाचता तालमींना हे कळलेलं होतं.

पण भार वाढवताना एक अडचण आहे. शरीराचे सगळे भाग एका वेगानं तयार होत नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायू त्यामागोमाग. शिरा आणि हाडांना महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तुमचा दम म्हणतो अजून पळ, आणि नडगीचं हाड म्हणतं थांब. भरतीच्या पोरांत नडगीचं दुखणं घरोघरी आहे ते यामुळे. पूर्ण नडगीभर पसरलेली दुखी बहुतेकदा भार कमी केल्यावर जाते. पण एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर जीव जातो, रात्री झोपेतही ठणकतं, असं असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे हळद-चुना लावून पळायचं नाही. हळद आपल्या जिल्ह्याची कितीही असो, तडा तिनं भरत नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

गोळा आणि १०० मीटर: इथे वेगळाच हिशोब

ज्याचा सराव कराल तेच सुधारतं, हे प्रशिक्षणाचं आणखी एक तत्त्व. १६०० चा दम १०० मीटरच्या कामाचा नाही. १०० मीटरमध्ये पुरुषांना पूर्ण मार्कांसाठी साडेअकरा सेकंद लागतात, महिलांना १४. ही खरोखर अवघड वेळ आहे आणि इथं ऑक्सिजनला फारसं काम नसतं. सगळा खेळ स्नायू किती पटकन आणि किती जोरात आकुंचन पावतात याचा.

त्यामुळे स्पीडचा सराव ताज्या अंगानंच करायचा. ३० ते ६० मीटरचे स्प्रिंट, आणि मध्ये पूर्ण आराम. प्रशिक्षकांचा ढोबळ ठोकताळा आहे, दर १० मीटरला एक मिनिट. म्हणजे ६० मीटर मारले की पाच-सहा मिनिटं थांबा. आपल्याकडे अर्ध्या मिनिटात पुढचा स्प्रिंट लावतात आणि घाम बघून खूश होतात. त्यानं स्पीड वाढत नाही, थकून हळू पळायची सवय लागते.

गोळ्याचंही तसंच. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, पूर्ण मार्कांसाठी साडेआठ मीटर. महिलांचा ४ किलो, ६ मीटर. भरतीच्या भाषेत हे अंतर गाठणाऱ्याचा गोळा 'आउट ऑफ'. पाचशे बैठका मारणाऱ्याचा गोळा सहा मीटरवर का पडतो, असा प्रश्न नेहमी येतो. पाचशे बैठकांनी पायांना चिवटपणा येतो. गोळ्याला हवा असतो एका क्षणाचा स्फोट. त्यासाठी जास्त वजन, कमी वेळा, मध्ये भरपूर आराम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांचे पाय बरे करताना हेच वापरलं. हलक्या वजनाच्या असंख्य आवृत्त्यांऐवजी जड वजन आणि मोजक्या आवृत्त्या. आज जगभरच्या जिममध्ये जे 'सेट' आणि 'रेप' चालतात त्यांचा एक उगम तिथे आहे.

जिम नसेल तर? सोयाबीनचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन पाच-पाच बैठकांचे चार सेट. आधी कमी वजन, पाठ सरळ. उड्या मारून ओट्यावर चढणं, दहाच्या वर नाही. आणि तंत्र. गोळा मानेपासून ढकलायचा असतो, चेंडूसारखा फेकायचा नाही. जोर पायांतून, कमरेतून येऊन शेवटी हातात उतरतो. सुटताना कोन ४५ अंश हवा असं शाळेच्या भौतिकशास्त्रावरून वाटतं, पण गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो आणि माणसाला वर ढकलताना ताकद कमी पडते. त्यामुळे चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन साधारण ३५ ते ४० अंशांत असतो. नुसतं तंत्र सुधारून अर्धा-एक मीटर वाढलेली पोरं कुठल्याही अकॅडमीत सापडतील. सगळ्यात स्वस्त मार्क हेच आहेत.

राज्य राखीव बलाला अर्ज करणाऱ्यांनी मात्र वेगळा विचार करावा. तिथं ५ किलोमीटर धाव आहे, १०० पैकी निम्मे मार्क तिचे. त्यांचे हळू पळण्याचे दिवस वाढतात, एक लांब धाव ८-१० किलोमीटरपर्यंत जाते.

ऊन: इथे मार्कांचा नाही, जिवाचा प्रश्न आहे

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावेत काही उमेदवारांचा जीव गेला. त्यानंतर धावण्याचं अंतर कमी करण्यात आलं. जून २०२४ मध्ये नवी मुंबईजवळ बाळेगावच्या राज्य राखीव बलाच्या मैदानावर ५ किलोमीटर पळताना उमेदवार कोसळले, एका तरुणाचा मृत्यू झाला. दहा वर्षांचं अंतर आणि महिना तोच.

पळताना स्नायू प्रचंड उष्णता तयार करतात. घाम वाळला तरच ती बाहेर जाते. दमट हवेत घाम वाळत नाही. हिंगोलीत पारा चाळिशीच्या वर जातो, पण हवा कोरडी असते. इथं तयारी केलेला पोरगा मुंबईच्या दमट हवेत पळतो तेव्हा त्याचं शरीर गोंधळतं. उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. उन्हाळ्यात अचानक भर दुपारी जाऊन 'सवय' करायची नाही. सकाळी सूर्य वर आल्यावर २०-२५ मिनिटं हळू पळण्यापासून सुरुवात करायची.

सोबतचा कुणी पळताना असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, अंग भाजत असेल तर तो उष्माघात असू शकतो. त्याला उठवून 'अजून एकच राउंड' म्हणू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि जमेल तेवढं गार पाणी अंगावर ओतत राहा, १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. पहिली काही मिनिटंच जीव वाचवतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पळताना छातीत दुखलं, भोवळ येऊन पडलात, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर सरावाआधी ईसीजी काढून घ्या. जिल्हा रुग्णालयात तो होतो.

भरतीच्या तोंडावर फिरणाऱ्या इंजेक्शन-गोळ्यांच्या नादी लागू नका, हे सगळेच सांगतात. कमी बोललं जातं ते साध्या वेदनाशामक गोळीबद्दल. अंगात पाणी कमी, वर कडक ऊन, आणि पोटात पेनकिलर, या तिन्हींचा मार एकत्र मूत्रपिंडावर बसतो. दुखणं दाबून पळाल्यावर तड्याचं फ्रॅक्चर होतं ते वेगळंच.

ताट आणि झोप

पावडरचे डबे विकत घेण्याआधी ताट बघा. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, अंडी, दूध. एवढ्यात बहुतेकांचं भागतं. भागत नाही ते प्रमाण, कारण पळणाऱ्या पोराला आधीच्या दीडपट भूक लागते आणि मेसचा डबा तोच असतो.

पोरींच्या बाबतीत दोन गोष्टी कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून इथे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी. मग कितीही राउंड मारा, दम येत नाही. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती आधी करा, टायमिंग नंतर बघा. दुसरं, सराव वाढल्यावर पाळी दोन-तीन महिने आली नाही तर 'बरं झालं' असं समजू नका. खाणं कमी पडतंय याची ती खूण असते, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

झोप आठ तास. पहाटे चारला उठायचं असेल तर रात्री आठला मोबाईल ठेवावा लागतो. हे या लेखातलं सगळ्यात अवघड वाक्य आहे, माहीत आहे.

मग आठवडा कसा लावायचा?

हातात चार महिने आहेत असं धरू. पहिले पाच-सहा आठवडे आठवड्यातून चार दिवस हळू पळणं, दोन दिवस ताकद आणि गोळ्याचं तंत्र, एक दिवस सुट्टी. या काळात टायमिंग बघायचंच नाही. मित्र हसतील, हसू द्या.

त्यानंतर आठवड्यातला एक हळू दिवस काढून तिथं ४०० चे तुकडे टाका. आणखी एका दिवशी, अंग ताजं असताना, छोटे स्प्रिंट आणि लगेच गोळा. या दोन अवघड दिवसांत किमान एक सोपा दिवस हवाच. लांब हळू धाव रविवारी. दर चौथ्या आठवड्यात सगळं साधारण एक तृतीयांशानं कमी करायचं, शरीराला हिशोब पुरा करू द्यायचा. फुल ताकदीनं १६०० महिन्यातून एकदाच, तीही ज्या वेळेला भरतीचं मैदान होतं त्या वेळेला, पहाटे.

आजारपण किंवा घरातलं लग्न यामुळे चार-पाच दिवस गेले तर घाबरू नका, काही बिघडत नाही. पूर्ण दोन-तीन आठवडे बंद राहिलं तर दम उतरलेला जाणवतो, ताकद त्यापेक्षा जास्त टिकते. परत आल्यावर सोडलं तिथून सुरू करायचं नाही, दोन पायऱ्या खालून.

मैदानाची तारीख आली की शेवटचे दोन आठवडे पळण्याचं एकूण अंतर हळूहळू निम्म्यावर आणा. वेग मात्र तोच ठेवा, म्हणजे ४०० चे सहा होते तर तीनच मारा, पण त्याच सेकंदांत. या काळात काही नवं कमावता येत नाही, फक्त थकवा उतरवायचा असतो. नवे बूट, नवा आहार, कुणी दिलेलं नवं औषध, काहीही नवीन नको.

शेवटची गोष्ट उमेदवारांच्या हातात अर्धीच आहे. भरतीच्या आदल्या रात्री बसस्थानकावर, फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली झोपलेल्या पोरांचे फोटो दर भरतीला येतात. चार महिन्यांची तयारी एका डासांच्या रात्रीत वाया जाण्याची ती भीती खरी आहे, आणि राहण्याची सोय करणं हे प्रशासनाचं काम आहे. पण अभ्यास एवढं सांगतो की एका रात्रीची झोप तुटल्यानं एका धावेवर फार परिणाम होत नाही, त्याआधीच्या चार-पाच रात्री नीट झाल्या असतील तर. म्हणून जमल्यास एक दिवस आधी पोचा. नाहीच जमलं तर आदल्या आठवड्यात झोप साठवा, सोबत गूळ-शेंगदाणे आणि पाणी ठेवा, आणि आपला नंबर पुकारायच्या अर्धा तास आधी अंग गरम करायला लागा. दहा मिनिटं हळू पळणं, पाय-कंबर मोकळी करणं, ६०-८० मीटरचे तीन-चार वेगवान तुकडे. आणि पहिला राउंड ७७ सेकंदांचा आहे, ७० चा नाही, हे शिट्टी वाजायच्या आधी एकदा स्वतःला सांगून ठेवा.